धंदा बुडाला म्हणजे माणूस बुडाला का?



आज मार्जिन नाही, जीएसटी नाही, पॅकिंग नाही. आज माझी एक चूक सांगणार आहे. तुम्हीही ती केली असेल, किंवा कोणीतरी तुमच्या बाबतीत केली असेल.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर काही महिन्यांनी तिथले एक दुकानदार रत्नागिरीला माझ्या बॅचला आले. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. कपड्यांचं दुकान, माल सगळा चिखलात, डोक्यावर बँकेची सीसी. चहाच्या वेळी बाजूला येऊन म्हणाले, "सर, रात्री तीनला जाग येते. मग सकाळपर्यंत झोप नाही."

मी काय केलं? पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "काका, निगेटिव्ह विचार सोडा. चिपळूणकर आहात, परत उभे राहाल!" वर कागद घेऊन तीन महिन्यांचा कॅश फ्लो मांडून दिला. काका हसले. कागदाची घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. फोनही उचलला नाही.

अडीच महिन्यांनी त्यांचाच फोन आला. आवाज मोकळा होता. भाचीने त्यांना एका समुपदेशकाकडे नेलं होतं. मी विचारलं, "काय सांगितलं त्यांनी?"

"पहिल्या दिवशी काहीच सांगितलं नाही ओ. नुसतं विचारलं, रात्री जाग आली की तुम्ही स्वतःला काय बोलता?"

काकांचं उत्तर होतं, "वडिलांनी कमावलेलं मी घालवलं. मी नालायक." समुपदेशकाने पुढचा प्रश्न केला, "दुकान पाण्याने नेलं. लायकी पण पाण्यानेच नेली का?"

काका म्हणाले, तेव्हा पहिल्यांदा रडलो.

पाठीवरची थाप म्हणजे उपचार नव्हे

माझं मत स्पष्ट सांगतो. आम्ही ट्रेनर लोक मोटिव्हेशनच्या नावाखाली पुष्कळदा समोरच्याचं तोंड बंद करतो. "पॉझिटिव्ह राहा" याचा त्याला ऐकू येणारा अर्थ असतो, "तुझं रडगाणं मला सांगू नको." समुपदेशक नेमकं उलटं करतो. आधी ऐकतो, मग विचारतो, आणि उत्तर समोरच्याला शोधू देतो.

काकांकडून हे ऐकल्यावर मी या विषयावर वाचायला लागलो. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती रुजवली. ठाण्यात १९९० साली आयपीएच ही संस्था उभी करणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मराठीत लिहून-बोलून ती घराघरांत नेली. हिचं मूळ सूत्र ए-बी-सी इतकं सोपं आहे. ए म्हणजे घटना, बी म्हणजे त्या घटनेबद्दल आपण धरलेला समज, सी म्हणजे होणारा परिणाम. आपल्याला वाटतं ए मुळे सी होतं, पूर आला म्हणून झोप उडाली. पण मधे बी बसलेला असतो: "मी नालायक." समुपदेशक पूर मागे घेऊ शकत नाही. तो बी ला हात घालतो.

तीन 'च'

एलिस म्हणायचे की माणूस स्वतःला छळतो तो तीन हट्टांनी. मराठीत तर हा हट्ट एका अक्षरात मावतो, 'च'. आपल्या भाषेत मांडतो:

१. मला यश मिळालंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी.
२. लोकांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे, उधारी वेळेवर दिलीच पाहिजे.
३. परिस्थिती माझ्या सोयीची असलीच पाहिजे. मोहोर टिकलाच पाहिजे, सीझन लागलाच पाहिजे.

आता 'च' काढून बघा. "उधारी वेळेवर यावी असं मला फार वाटतं. नाही आली तर त्रास होईल, पण मी मागायला जाऊ शकतो." इच्छा तीच आहे, फक्त गळ्याचा फास सुटला.

लक्षात घ्या, हा 'सगळं छान आहे' म्हणायचा प्रकार नाही. चार लाखांचं नुकसान चार लाखांचंच राहतं. त्याचं दुःख होणार, काळजी वाटणार, आणि ती वाटायलाच हवी. दुःख माणसाला थांबवून विचार करायला लावतं. स्वतःचा तिरस्कार मात्र माणसाला शटर ओढून घरात बसवतो. फरक इथे आहे.

पण त्याने कर्ज फिटतं का?

नाही फिटत. हा प्रश्न योग्यच आहे. बँकेचा हप्ता समुपदेशक भरत नाही, विम्याचा क्लेमही तो मिळवून देत नाही. पण काकांची खरी अडचण ऐका. ते व्यापाऱ्यांचे फोनच उचलत नव्हते. लाज वाटायची. समुपदेशकाने गृहपाठ दिला: आठवड्यात तीन व्यापाऱ्यांना स्वतः फोन करायचा आणि सरळ सांगायचं, "आत्ता पैसे नाहीत, मुदत द्या."

काका सांगत होते, "दोघांनी मुदत दिली. एकाने शिव्या घातल्या. पण शिव्या खाऊनही मी जिवंत आहे, हे कळलं ना!" त्यानंतर ते बँकेत जाऊन बोलले. आणि मग म्हणाले, "सर, तुमचा तो कागद काल उघडला. आता कळतोय."

कागद चुकीचा नव्हता. वेळ चुकीची होती. माणूस आधी, कॅश फ्लो नंतर. बीबीएला आम्हाला गिऱ्हाइकाचं मानसशास्त्र शिकवलं, दुकानदाराचं कोणी शिकवलं नाही.

आणखी एक गोष्ट मला धंदेवाला म्हणून टोचली. गिऱ्हाईक परत परत यावं म्हणून आपण धडपडतो. चांगला समुपदेशक मात्र त्याची गरजच उरू नये म्हणून झटतो. माझी बॅच चौथ्यांदा करणाऱ्यांचा मी अभिमानाने फोटो टाकायचो. आता त्यांना आधी विचारतो, "अडलंय कुठे?"

मी आता काय करतो

कोणी त्रास सांगितला की पहिली दहा मिनिटं सल्ला बंद. "मग तुम्ही स्वतःला काय म्हणता?" एवढंच विचारतो. ऐकलेलं बॅचमध्ये उदाहरण म्हणून वापरत नाही. काकांची गोष्टही त्यांना विचारून, ओळख लपवून लिहिली आहे.

आणि मी समुपदेशक नाही, हे स्वतःला बजावतो. झोप, भूक आठवडोन्‌आठवडे गेली असेल, दारू वाढली असेल, "मी नसलो तर बरं" असं कोणी बोलत असेल, तर तिथे ट्रेनरचं काम संपलं. जीव द्यायची भाषा असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मदत गाठायची. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आपल्या रत्नागिरीत तर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाने आपण आयुष्यभर विनोद केले. पायरी चढायची वेळ येते तेव्हा तेच विनोद आडवे येतात. ते आता पुरे करूया.

दुकानाची बॅलन्स शीट दरवर्षी काढा, नफा-तोटा दोन्ही लिहा. फक्त त्या तोट्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. आणि आज एखाद्या शेजारच्या दुकानदाराला सहज विचारा, "झोप लागते ना?" उत्तर येईपर्यंत मात्र थांबा.