जादूला भाव हवाच

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या फँटसी रोलप्लेइंग खेळांत सोनं भरपूर मिळतं आणि ते खर्चायच्या वाटा मोजक्या असतात. ड्रॅगन मारला की त्याचा साठा पार्टीच्या पदरात पडतो. चिलखत आणि घोडा घेऊन झाला की उरलेलं सोनं कॅरेक्टर शीटवर नुसता आकडा होऊन पडून राहतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला तेव्हा ही अडचण नव्हती, कारण खजिना सुखरूप बाहेर आणणं हेच प्रगतीचं मुख्य माप होतं: एका सुवर्णमुद्रेमागे एक अनुभवगुण. पुढच्या आवृत्त्यांत हे नातं सुटलं आणि सोन्याला दुसरं काम देणं भाग पडलं. ते काम जादुई वस्तूंइतकं चांगलं दुसरं काहीच देऊ शकत नाही. म्हणून नियमपुस्तकांनी जादुई वस्तूंच्या नेमक्या किमती छापल्याच पाहिजेत. शिवाय वस्तू किती दुर्मीळ आहे, यापेक्षा ती खेळात काय बदलते, यावरून त्या ठरल्या पाहिजेत.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकाने नेमकं उलट केलं. किमती दिल्या त्या दुर्मीळतेच्या पायऱ्यांनुसार, आणि त्याही ऐसपैस: दुसऱ्या पायरीची वस्तू १०१ ते ५००, तिसरीची ५०१ ते ५,००० सुवर्णमुद्रा. उडणारा झाडू दुसऱ्या पायरीवर आहे, म्हणजे फार तर ५०० ला. त्याच खेळात जादूचा लवलेश नसलेलं पोलादी प्लेट चिलखत १,५०० ला मिळतं. चिलखताने शत्रूचे काही वार चुकतील. झाडूवर बसलेला तिरंदाज मात्र लांडग्यांच्या कळपाला हातही लावू देत नाही. दरी, तटबंदी, पूर आलेली नदी हे अडथळे त्याच्यापुरते संपतात आणि डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, आखलेल्या निम्म्या प्रसंगांतली हवा जाते. असा झाडू चिलखताच्या तिसऱ्या हिश्श्यात देणारी किंमत डीएमच्या काहीच उपयोगाची नाही. २०२४ च्या पुस्तकाने पल्ल्यांऐवजी ४००, ४,०००, ४०,००० असे ठाम आकडे दिले, ही सुधारणाच आहे. पण पाया दुर्मीळतेचाच राहिला. वीस हातांचं सामान गिळणारी थैली आणि आकाशात नेणारा झाडू आजही एकाच भावात बसतात.

मग सूत्र मांडून किंमत काढावी का? २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हा प्रयोग मनापासून केला. शस्त्राच्या बोनसचा वर्ग करून त्याला २,००० ने गुणायचं: +१ ला २,०००, +२ ला ८,०००, +५ ला ५०,०००. प्रत्येक पुढची पायरी आधीच्यापेक्षा महाग पडते, त्यामुळे खेळाडूला खरोखर विचार करावा लागतो. हे सूत्र उत्तम होतं. मंत्रांवर आधारलेल्या वस्तूंचं सूत्र मात्र फसलं. किरकोळ जखमा भरणारं औषध ५० ला, आणि तोच मंत्र पन्नास वेळा देणारी कांडी ७५० ला, म्हणजे एका वेळेला १५. साहजिकच शहाणे खेळाडू कांडीच घेत आणि प्रत्येक लढाईनंतर ठणठणीत होऊन पुढे निघत. ‘ट्रू स्ट्राइक’चं उदाहरण त्याहून बोलकं आहे. हा मंत्र पुढच्या एका वाराला +२० देतो, पण सूत्र अक्षरशः लावलं तर त्याची वस्तू २,००० च्या आसपास येते, +१ तलवारीच्या जादूइतकीच. पुस्तकाने स्वतःच बजावलं होतं की सूत्र हा फक्त अंदाज आहे, वस्तूची खरी योग्यता पाहून भाव बदला. त्या इशाऱ्यातच उत्तर आहे. सूत्राने सुरुवात करावी, पण शेवटचा आकडा खेळून पाहिल्यावरच छापावा. ते काम प्रकाशकाचं आहे.

यावर पहिला आक्षेप मनापासूनचा असतो: भाव लावला की जादूची नवलाई जाते, वस्तू वाणसामान होते. ही भीती खोटी नाही. पण किंमत छापली म्हणजे दुकान उघडलं, असं होत नाही. तिसऱ्या आवृत्तीतच वस्तीच्या आकारानुसार मर्यादा होती. खेड्यात २०० च्या वरचं काही विकत मिळत नसे, महानगरात एक लाखापर्यंत मिळे. दुकान नकोच असेल, तरी लुटीची समान वाटणी करायला आणि राजाने देऊ केलेलं बक्षीस योग्य आहे का, हे ठरवायला आकडा लागतोच. दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. पाचव्या आवृत्तीत साध्या मजुराला दिवसाला दोन चांदीची नाणी मिळतात. ४०० सोन्याची नाणी म्हणजे त्याची दोन हजार दिवसांची मजुरी, मग ही बाजारपेठ खरी कशी? ती तशी खरी असण्याची गरजच नाही. खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात याचा खुलासा केला होता: साहसवीरांच्या जगातले भाव सोन्याच्या शोधात झुंडी लोटलेल्या अलास्कातल्या गावांसारखे चढे समजा. हे भाव मजुरासाठी नाहीतच. चार साहसवीरांनी ढाल घ्यावी की झाडू, हे ठरवण्यासाठी ते आहेत.

उरला तिसरा आक्षेप: आपलं टेबल डीएमलाच सर्वांत चांगलं कळतं. कबूल. पण कळणं वेगळं आणि शेकडो वस्तूंचे भाव रात्री बसून ठरवणं वेगळं. नव्या डीएमवर हा भार टाकला की तो एकतर सगळंच देऊन टाकतो किंवा काहीच विकू देत नाही. छापील आकडा असेल, तर अनुभवी माणूस तो हवा तसा बदलेल आणि नवख्याला निदान आधार मिळेल. तोवर डीएम मंडळींनी एवढं तरी करावं. कॅम्पेन सुरू होण्याआधी आपल्या जगातल्या वीसेक वस्तूंचे भाव ठरवावेत. उडणं, अदृश्य होणं, दूर अंतरावर पोहोचणं अशा डाव फिरवणाऱ्या वस्तू महाग ठेवाव्यात आणि ती यादी खेळाडूंना पहिल्याच दिवशी दाखवावी. कशासाठी सोनं साठवतोय हे ठाऊक असलेला खेळाडूच ते जिवावर उदार होऊन मिळवतो.