उन्हातल्या वाफ्याला कुर्डू

फुलदाणीसाठी विकतची फुलं कशाला? आम्हाला विचाराल तर रानातला कुर्डू लावा. दिवाळीनंतर बांधावरचे वाळलेले तुरे आणून कागदावर चोळले की काळं, चकचकीत बी हाती लागतं. पहिल्या पावसावर भरपूर उन्हाच्या जागी ते विस्कटायचं, वर जेमतेम माती. रोपं वीतभर झाली की शेंडे खुडून भाजी करावी. दस्तरखानाची सोय होते आणि झाडाला फुटवे येऊन तुरेही वाढतात. पांढरट-गुलाबी तुरे पाण्यात चांगले टिकतात, सावलीत उलटे टांगून वाळवले तर आणखी.

शेजारी शेत असेल तर मात्र जपा. शेतकऱ्याला हे तण नको असतं, आणि त्याचं खरंच आहे. बी गळण्याआधी सगळे तुरे कापून घ्या. बियाण्यापुरते दोन-चार राखा, त्यांना जुन्या मलमलीची पिशवी बांधून.