रुपयाची माया

स्वित्झर्लंडच्या सहलीत ल्युसर्नला तळ्याकाठच्या एका दुकानात मुलीसाठी घड्याळ घेतले आणि क्रेडिट कार्ड पुढे केले. काउंटरवरच्या बाईंनी हसून यंत्र माझ्यासमोर धरले. पडद्यावर दोन आकडे होते. एक स्विस फ्रँकमध्ये, दुसरा रुपयांत. परक्या मुलुखात रुपया दिसताच गाववाला भेटल्यासारखे वाटले. फ्रँकचा गुणाकार कोण करत बसणार? मी रुपयांवर बोट ठेवले.

घरी परतल्यावर बिल आले. त्या दिवशीच्या दराने घड्याळ साधारण वीस हजारांना पडायला हवे होते. लागले होते एकवीस हजार दोनशे. शिवाय परदेशी दुकानात रुपयांत व्यवहार केल्याबद्दल बँकेने आपले शुल्क वेगळे घेतले होते, आणि त्यावर जीएसटी. बँकेला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलाने अदबीने सांगितले, "सर, पर्याय तुम्हीच निवडला होता." त्यात खोटे काहीच नव्हते. बोट माझेच होते.

या प्रकाराला 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन' असे भारदस्त नाव आहे. व्यवहार रुपयांत करायचा म्हटला की विनिमयाचा दर आपली बँक लावत नाही, तो दुकानाच्या बाजूची कंपनी लावते आणि त्यातला वाटा बहुधा दुकानदारालाही मिळतो. म्हणून परदेशात यंत्राने विचारले की डोळे झाकून तिथलेच चलन निवडावे. एटीएमपुढेही तेच. क्रेडिट कार्डावर रोख तर काढूच नये, कारण तिथे शुल्क वेगळे आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

अर्थात तिथले चलन निवडले म्हणजे सुटलो असे नाही. आपल्याकडची अनेक कार्डे परदेशी खर्चावर साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात. दहा हजारांच्या खर्चावर ३५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३, म्हणजे एकूण ४१३ रुपये. लाखभर खर्चला तर चार हजार एकशे तीस. हा अधिभार न लावणारी कार्डेही काही बँका देतात, पण ती आपणहून पुढे करताना कुणी फारसे दिसत नाही.

बँकांचीही बाजू आहे. परकीय चलनातल्या व्यवहाराला खर्च येतो, जोखीम असते, आणि कार्ड देताना सह्या घेतलेल्या कागदांत हे सगळे छापलेले असते. मला शुल्काचे वैषम्य नाही. भाजीवालाही नफा घेतो, पण भाव आधी सांगतो. इथे भाव कळतो तो महिन्याने, आणि तोही मुंगीच्या अक्षरांत.

हे बदलणे अवघड मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे मार्च २०२० पासून नवे कार्ड परदेशी वापरासाठी बंद स्थितीतच हाती येते. ग्राहकाने स्वतः ते सुरू करावे लागते. मग ते सुरू करण्याच्या क्षणीच, 'दहा हजारांमागे इतके रुपये जादा लागतील' हे एक वाक्य ठळक मराठीत दाखवायला काय हरकत आहे? युरोपीय संघाने आपल्या देशांतल्या चलनांपुरता २०१९ मध्ये नियम केला की, रूपांतराचा दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्क्यांनी जास्त आहे, हे पैसे देण्याआधी ग्राहकाला दाखवले पाहिजे. तिथे जमले ते इथे का जमू नये?

हा प्रश्न हौसेने हिंडणाऱ्यांपुरता नाही. आज आपल्या गल्लीगल्लीतले निवृत्त आईवडील मुलांकडे किंवा नातवंडे सांभाळायला परदेशी जातात. पेन्शनीत जपून राहिलेली ही माणसे मुलाला त्रास नको म्हणून स्वतःचेच कार्ड वापरतात, आणि यंत्रावर रुपया दिसला की माझ्यासारखीच हरखतात. त्यांच्या विश्वासावर कुणी कमाई करत असेल, तर ती कायदेशीर असली तरी सचोटीची म्हणता येणार नाही.

मुलीला घड्याळ आवडले. त्याची खरी किंमत मात्र मी तिला अजून सांगितलेली नाही.