निऱ्या, पगडी आणि पिवळा चौकोन

नागरी विमान सुरक्षा ब्युरोने 2019 मध्ये एक परिपत्रक काढलं. देशातल्या 84 संवेदनशील आणि अतिसंवेदनशील विमानतळांवर मार्च 2020 पर्यंत बॉडी स्कॅनर बसवा, असा त्याचा आशय होता. मार्च 2020 मध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनीच पाहिलं. विमानंच जमिनीवर आली. पुढे मुदती वाढत गेल्या. 2025 मध्ये दिल्ली विमानतळाने अशा यंत्रांच्या चाचण्या घेतल्या. म्हणजे आज ना उद्या मुंबई-पुण्याच्या प्रवाशालाही त्या कपाटात हात वर करून उभं राहावं लागणार. या सदरात चेहरा ओळखून विमानतळात सोडणाऱ्या डिजियात्रेबद्दल लिहिलं तेव्हा एका वाचकाने टोमणा मारला होता: चेहरा द्यायला तुमची हरकत, मग अंग चाचपून घ्यायला बरी हरकत नाही?

टोमणा रास्त आहे. आपल्याकडे विमानात बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची अंगझडती होते. चौकट वाजो न वाजो, पुढे जवान हातातला डिटेक्टर घेऊन उभा असतोच. बायकांसाठी पडद्याचा आडोसा. आत ठोकळ्यावर चढायचं, हात पसरायचे, डिटेक्टर बांगड्यांपाशी वाजतो, मंगळसूत्रापाशी वाजतो, मग ‘पीछे मुडिए’. आत उभी असलेली ती जवान पाळीभर हेच करते, आणि तिला ते आवडत असेल असं मानायचं काही कारण नाही. एवढं करूनही या तपासणीला सापडतो तो मुख्यतः धातू. डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात 25 डिसेंबर 2009 रोजी एका तरुणाने अंतर्वस्त्रात शिवून आणलेलं पीईटीएन नावाचं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. ते नीट पेटलं नाही म्हणून विमान वाचलं. धातू शोधणारी चौकट अशा पावडरीपुढे आंधळी असते. तेव्हा स्कॅनर कशाला हवा, या प्रश्नाला खरं उत्तर आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

त्या नाताळानंतर अमेरिकेने घाईघाईने यंत्रं लावली. दोन जातींची. एक क्ष-किरणांची: अंगावर आदळून परत येणारे किरण टिपायचे आणि चित्र बनवायचं. दुसरी मिलिमीटर लहरींची, म्हणजे रेडिओ लहरींची धाकटी भावंडं. दोन्हींतून दिसायचा तो माणूस, कपड्यांविना. चित्र साठवलं जाणार नाही, पाहणारा वेगळ्या खोलीत असेल, चेहरा पुसलेला असेल, अशी आश्वासनं मिळाली. त्याच वर्षी, 2010 मध्ये, फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या एका न्यायालयात दारावरच्या स्कॅनरने तब्बल 35,000 चित्रं साठवून ठेवल्याचं उघड झालं. ते विमानतळावरचं यंत्र नव्हतं हे खरं. पण यंत्राला साठवता येतं, एवढं त्यातून कळलं. मायामीत तर प्रशिक्षणात एक सुरक्षा कर्मचारी स्वतः यंत्रातून गेला, त्याच्या देहावरून सहकाऱ्यांनी थट्टा सुरू केली, आणि शेवटी त्याने एकाला मारहाण केली. प्रकरण अटकेपर्यंत गेलं. तपासणाऱ्यांना आपसात जे सोसवलं नाही ते प्रवाशाने मुकाट सोसावं, अशी अपेक्षा होती.

किरणांबद्दलची भीती मात्र मला कायम जरा फुगवलेली वाटत आली आहे. क्ष-किरणांच्या एका स्कॅनमधून मिळणारी मात्रा 0.1 मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. उंचावर उडणाऱ्या विमानात अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे तासाला साधारण 3 मायक्रोसिव्हर्ट अंगावर येतात. म्हणजे स्कॅनरमध्ये जे मिळतं ते पुढच्या दोन मिनिटांच्या उड्डाणात पुन्हा मिळतं, आणि त्याबद्दल कुणी हवाई सुंदरीकडे तक्रार करत नाही. छातीच्या एका एक्स-रेमध्ये असे हजारेक स्कॅन बसतील. तरीही 2010 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या शास्त्रज्ञांनी व्हाइट हाउसला पत्र लिहिलं ते उगाच नव्हतं. मात्रा साऱ्या शरीरात न पसरता मुख्यतः त्वचेत जमा होते, किरण एके जागी अडकले तर काय, आणि यंत्र स्वतंत्रपणे तपासू का देत नाही, असे त्यांचे प्रश्न होते. शेवटचा प्रश्न सगळ्यात वजनदार. युरोपीय संघाने 2011 मध्ये क्ष-किरणांची यंत्रं आपल्या विमानतळांच्या नियमांतून सरळ वगळली. धोका मोठा आहे म्हणून नव्हे. बिनकिरणांची सोय उपलब्ध असताना अंशभर तरी जोखीम का घ्या, म्हणून.

मिलिमीटर लहरींमध्ये हा वाद उरत नाही. या लहरी रासायनिक बंध तोडण्याइतक्या ताकदीच्या नसतात आणि कातडीच्या वरच्या थरापलीकडे फारशा जात नाहीत. आपल्याकडेही हीच जात येते आहे. तेव्हा गरोदर बाईने स्कॅनरमधून जावं का, अशा ढकलपत्रांना या घडीला रजा द्यायला हरकत नाही.

उघड्या चित्राचा प्रश्नही सुटला, पण तो आपोआप सुटला नाही. अमेरिकेच्या संसदेने 2012 मध्ये कायदा करून बजावलं, की माणसाचं चित्र दाखवायचंच नाही. संगणकाने संशयाची जागा ओळखावी आणि एका सर्वसाधारण बाहुलीवर पिवळा चौकोन काढावा. क्ष-किरणांच्या यंत्रांना ते सॉफ्टवेअर वेळेत जमलं नाही, आणि 2013 च्या मेपर्यंत अशी सुमारे 250 यंत्रं अमेरिकी विमानतळांवरून उचलली गेली. त्यांतली बरीच पुढे तुरुंगांच्या दारात उभी राहिली. ही यंत्रं घ्या म्हणून 2009-10 मध्ये टीव्हीवर आग्रह धरणारे माजी गृहसुरक्षामंत्री मायकेल चेर्टॉफ यांच्या सल्लागार संस्थेची ती बनवणारी कंपनी ग्राहक होती. 2014 मध्ये अमेरिकी विद्यापीठांतल्या संगणकतज्ज्ञांनी असं एक यंत्र चक्क ईबेवरून विकत घेऊन तपासलं. त्वचा फिकी, धातू काळा, पार्श्वभूमीही काळी. मग पिस्तूल अंगाच्या कडेला बांधलं की चित्रात नाहीसं. हे कळायला यंत्र मोडीत निघावं लागलं, यातच सगळं आलं.

पण माझा खरा मुद्दा त्या बाहुलीचा आहे. संगणकाला ‘नेहमीचं’ शरीर कसं असतं ते शिकवलेलं असतं, आणि त्याहून वेगळं दिसलं की चौकोन उमटतो. जर्मनीने 2010-11 मध्ये हॅम्बुर्ग विमानतळावर दहा महिने प्रयोग केला. आठ लाखांवर प्रवासी यंत्रातून गेले. निष्कर्ष असा, की खोट्या इशाऱ्यांमुळे यंत्र वापरण्याजोगं नाही. इशारे कशामुळे? घाम, बटणं, कापडाच्या घड्या. जर्मनीने पुढे सुधारलेली यंत्रं घेतली, ते ठीकच. पण कापडाच्या घड्या हा शब्दप्रयोग वाचून आपल्याला वेगळंच काही दिसायला हवं. पाचवारीच्या निऱ्या म्हणजे काय? नऊवारीचा काष्टा म्हणजे काय? कमरेला खोचलेला बटवा, अंबाड्यातला आकडा, डोक्यावरून घेतलेला पदर?

साडीमुळे काय होऊ शकतं याची नोंद आहेच. डिसेंबर 2010 मध्ये भारताच्या अमेरिकेतल्या राजदूत मीरा शंकर यांना मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर बाजूला काढून हातांनी तपासण्यात आलं. साडी नेसल्या होत्या म्हणून, असं सोबतच्यांनी सांगितलं; कपडे घोळदार होते म्हणून, असं यंत्रणेने. फरक शोधून दाखवा. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी नाराजी व्यक्त केली, अमेरिकेने नियमाप्रमाणेच झाल्याचं कळवलं. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रसंघातले आपले प्रतिनिधी हरदीप पुरी यांना ह्यूस्टनमध्ये पगडीला हात लावू देत नाही म्हणून अडवून ठेवलं होतं. वास्तविक शीख संघटनांनी भांडून एक चांगली तोड मिळवलेली होती: प्रवाशाने पगडीवरून स्वतःच हात फिरवायचा आणि त्या हातावर स्फोटकांचे कण आहेत का ते पुसून पाहायचं. नियम होता. काउंटरवरच्या माणसाला तो ठाऊक नव्हता किंवा मान्य नव्हता. राजदूतांच्या बाबतीत निषेधाचे खलिते तरी गेले; मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेल्या आजीसाठी कोण खलिता लिहिणार?

आणि हे फक्त परक्यांच्या विमानतळांवर होतं असंही नाही. 2021 मध्ये अभिनेत्री आणि नर्तिका सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ करून थेट पंतप्रधानांना साकडं घातलं. दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवायला लावतात, स्फोटकांची पुसून चाचणी घ्या म्हटलं तरी ऐकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सीआयएसएफने माफी मागितली आणि पाय अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगायचा असतो हेही सांगितलं. स्कॅनर आल्यावर त्यांचा प्रश्न मिटेल? मिटणार नाही. मिलिमीटर लहरी कृत्रिम पायाच्या आत पाहत नाहीत. बाहुलीच्या पायावर चौकोन मात्र उमटवू शकतात. म्हणजे पुन्हा माणूसच लागणार, आणि ती कापडी पट्टीने पुसून घ्यायची साधी चाचणी, जी आपल्या विमानतळांवर आधीपासून आहे. अमेरिकेत पारलिंगी प्रवाशांचं असंच झालं. स्त्री की पुरुष, याचं बटण कर्मचारी प्रवाशाकडे बघून दाबत. अंदाज चुकला की चौकोन.

स्कॅनरने झडती संपते ती बाहुलीशी जुळणाऱ्यांची. बाकीच्यांची झडती आता नेमक्या त्याच जागी होते जी झाकलेली राहावी असं त्यांना वाटत असतं, आणि तीही पडद्यावर चौकोन चमकल्यानंतर, मागे रांग बघत असताना.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यात हात घालायचा तर कायदा हवा, गरज हवी आणि उपाय प्रमाणात हवा, असं सांगितलं. त्यानंतर 2023 चा विदा संरक्षण कायदा आला, ज्यात सरकार आपल्याच यंत्रणांना अधिसूचनेने सूट देऊ शकतं. तेव्हा ‘चित्र साठवलं जात नाही’ हे वाक्य पत्रकार परिषदेतून उचलून नियमात घालावं लागेल. अमेरिकेत 2011 मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने स्कॅनर घटनाबाह्य ठरवले नाहीत, पण लोकांची मतं न मागवता ते लादल्याबद्दल कान उपटले. अंतिम नियम 2016 मध्ये निघाला. पाच वर्षं उशिरा का होईना, निघाला.

आपल्याकडे किती खोटे इशारे आले, किती साड्यांवर आणि किती पगड्यांवर आले, हे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करा, एवढी मागणी मला अवाजवी वाटत नाही. ते गुपित ठेवण्याने दहशतवाद्याचं काही अडत नाही. जाहीर केल्याने अडतं ते यंत्र विकणाऱ्याचं. आणि स्कॅनर नको म्हणण्याची मुभा हवी. ब्रिटनने 2010 मध्ये ‘स्कॅन नाही तर विमान नाही’ असा खाक्या लावला होता आणि 2013 मध्ये तो सोडून देऊन पडद्याआडच्या झडतीचा पर्याय दिला. ही मुभा आपण पहिल्या दिवसापासून द्यावी. तसा फलक ट्रे उचलतो तिथेच लावावा, मराठीतही. यंत्राच्या तोंडाशी लावून उपयोग नाही. तिथवर पोहोचेपर्यंत पट्टा काढलेला असतो, एका हाताने पँट धरलेली असते आणि मागच्याने ट्रे तुमच्या पाठीला लावलेला असतो.