फ्रीझरवरचा विश्वास

एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेतल्या ‘ट्रेडर जोज’ या दुकानांत विकलेल्या सेंद्रिय बेझिलच्या पानांवर साल्मोनेला या जंतूचा संशय आला आणि माल परत मागवला गेला. त्या वेळी सरकारी यंत्रणांनी लोकांना जे बजावलं, त्यातला एक मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: पानं घरी गोठवून ठेवली असतील आणि डबा फेकल्यामुळे ती कुठली हे कळत नसेल, तर टाकून द्या.

आपल्या घरांत समज नेमका उलटा आहे. फ्रीझरमध्ये गेलं म्हणजे निर्धोक झालं! थंडीने जंतूंची वाढ थांबते, एवढंच. काही मरतात, पण बरेच तग धरतात आणि बर्फ वितळला की पुन्हा वाढू लागतात. लिस्टेरिया हा जंतू तर साध्या फ्रीजच्या गारव्यातही वाढतो. बाजारातली गोठवलेली भाजी आधी गरम पाण्यातून काढलेली असते हे खरं, पण ते रंग-चव टिकावी म्हणून. तेवढ्याने ती शिजत नाही. शिवाय त्यानंतरही ती यंत्रांवरून, पट्ट्यांवरून पुढे जाते, आणि जंतू तिथेही दबा धरून असू शकतो.

हंगेरीतल्या बाया गावच्या भाज्या गोठवणाऱ्या कारखान्यात हेच घडलं. २०१५पासून युरोपातल्या पाच देशांत लिस्टेरियाचे रुग्ण सापडत होते. जून २०१८पर्यंत ४७ जण आजारी पडले होते, त्यांतले ९ दगावले. लक्षणं दिसायला कधी कधी ७० दिवस लागतात. दोन महिन्यांपूर्वी काय खाल्लं होतं, हे कोण सांगणार? रुग्णांमधल्या आणि गोठवलेल्या मक्यातल्या जंतूंचा जनुकीय आराखडा जुळला, तेव्हा माग लागला. साफसफाई होऊनही तो जंतू कारखान्यात टिकून राहिला होता. शेवटी जवळपास दोन वर्षांचं उत्पादन परत मागवावं लागलं.

आणि हे सगळं परक्यांच्याच ताटातलं आहे असंही नाही. जानेवारी २०१८मध्ये अमेरिकेत ‘कोकोनट ट्री’ छापाचं गोठवलेलं खवलेलं खोबरं साल्मोनेलामुळे परत मागवलं गेलं. परदेशातल्या मराठी घरांत असंच गोठवलेलं खोबरं पोह्यांवर आणि कोशिंबिरीत पडतं. गोठवलेल्या कोथिंबिरीचंही तेच. आपण ती गॅस बंद केल्यावर वरून भुरभुरतो, म्हणजे कच्चीच खातो.

म्हणून गोठवलेला पाला उकळत्या आमटीत घाला आणि आणखी दोन-चार उकळ्या येऊ द्या. वास थोडा कमी होईल, होऊ दे. लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेलेल्या आयांना हे मी हात जोडून सांगेन. लिस्टेरियामुळे गरोदर बाईला नुसती कणकण वाटते, पण पोटातलं बाळ दगावू शकतं. साठी-पासष्टीपुढच्यांनाही हा धोका मोठा आहे.

माल डब्यात ओतलात तरी पाकिटावरचा बॅच नंबर आणि तारीख कापून त्याच डब्यात ठेवा. माल परत मागवतात तो त्या आकड्यांवरूनच. आपल्याकडेही २०१७पासून असा माल परत मागवण्याचे नियम आहेत. पण माल परत मागवल्याची सूचना मी कोपऱ्यावरच्या दुकानात आजवर पाहिलेली नाही. ती दुकानाच्या दारावर, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत लागली पाहिजे.