पेनड्राइव्ह लावला, तरी लॅपटॉप बूट होईना? ‘मदरबोर्ड गेला’ हे मान्य करण्याआधी एवढे तपासा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे हजारो जुने लॅपटॉप एका तारखेत ‘जुने’ ठरले. कुणी त्यावर लिनक्स टाकायला बघतो, कुणी विंडोज नव्याने टाकतो. दोन्हीसाठी लागतो पेनड्राइव्ह. आणि नेमके तिथेच घोडे अडते. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला तर एक तर जुनीच विंडोज उघडते किंवा काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे येते.

मुंबई-पुण्यात अशा वेळी चार दुकाने फिरता येतात. बुलढाणा जिल्ह्यात लोणार किंवा संग्रामपूरच्या विद्यार्थ्याला त्यासाठी एसटीने तालुका ओलांडावा लागतो. कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर हवे तर अनेकदा जिल्हाच. मग पहिल्या दुकानात जे सांगितले जाते, तेच खरे मानले जाते. ‘हार्ड डिस्क गेली’, ‘मदरबोर्ड गेला’. अशा तक्रारींत लॅपटॉप खरोखर बिघडलेला असण्यापेक्षा पेनड्राइव्ह चुकीचा बनलेला असण्याची किंवा लॅपटॉपच त्याला दारात अडवत असण्याची शक्यता जास्त असते. दोन्हीवरचा उपाय फुकट आहे.

लॅपटॉपचे बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये तो बायोस, नव्यांत यूईएफआय. दोघांची पेनड्राइव्ह वाचण्याची रीत वेगळी. बायोसला एमबीआर पद्धतीचा पेनड्राइव्ह लागतो, यूईएफआयसाठी तो सहसा जीपीटी पद्धतीने बनवतात. जुन्या पद्धतीची सोय २०२० पर्यंत बंद करण्याचे इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केले होते आणि आज बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये ती नसतेच. पण दुकानाच्या ड्रॉवरमधला ‘सगळ्यांना चालणारा’ पेनड्राइव्ह अनेकदा जुन्या रीतीचाच असतो. नव्या लॅपटॉपला तो दिसत नाही, आणि दोष लॅपटॉपवर जातो.

घरी पेनड्राइव्ह बनवतानाही हमखास एक चूक होते. आयएसओ फाइल डाउनलोड करायची आणि फोटो कॉपी करावा तशी पेनड्राइव्हवर टाकायची. असे केल्याने तो बूटेबल होत नाही. रुफससारख्या मोफत साधनाने तो लिहावा लागतो आणि तिथे ‘पार्टिशन स्कीम’ विचारली की नव्या लॅपटॉपसाठी जीपीटी निवडावी लागते. आणखी एक गाठ फॅट३२ ची. यूईएफआयला हमखास वाचता येते ती हीच फॉरमॅट, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. विंडोजची मुख्य इन्स्टॉल फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. रुफस यातून स्वतःच वाट काढतो. हाताने कॉपी करणारा मात्र अडकतो. बाजारात ‘१ टीबी’ लिहून कवडीमोलाने मिळणारे पेनड्राइव्ह तर या कामाला लावूच नयेत. आत जागा कमी असते आणि अर्धी फाइल वाऱ्यावर जाते.

कळ कोणती, हे छापायला काय जाते?

पेनड्राइव्ह बरोबर असला, तरी ‘आधी यातून सुरू हो’ हे लॅपटॉपला सांगावे लागते. त्याची कळ प्रत्येक कंपनीची वेगळी. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक मॉडेलवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, आसुसवर एस्केप. एसरवरही एफ१२ च, पण काही मॉडेलमध्ये ती सोय आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. म्हणजे कुलपाची किल्ली कुलपातच! लॅपटॉपच्या तळाला कंपन्या डझनभर प्रमाणपत्रांची चिन्हे छापतात, एवढी एक ओळ मात्र छापत नाहीत. हा निव्वळ आळस आहे आणि त्याची किंमत ग्राहक मोजतो.

कळ वेळेत दाबली जात नसेल तर त्यामागे ‘फास्ट स्टार्टअप’ असू शकतो. या सोयीमुळे ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. विंडोज सुरू होत असेल तर सोपा मार्ग आहे: शिफ्ट दाबून धरा आणि ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा. निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्याय आला की त्यातून पेनड्राइव्ह निवडता येतो.

तरीही आत घेत नसेल तर सिक्युअर बूट. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत घरोघरी आलेली ही राखण. ओळखीची डिजिटल सही नसलेला कोणताही प्रोग्राम ती सुरू होऊ देत नाही. उबुंटू, फेडोरा यांच्याकडे ती सही असते. पण ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या सह्या नाकारायला सुरुवात केली आणि आदल्या दिवसापर्यंत चालणारे अनेक लिनक्स पेनड्राइव्ह जगभर बंद पडले. अशा वेळी लिनक्सची ताजी आवृत्ती उतरवून पेनड्राइव्ह पुन्हा बनवणे हा पहिला उपाय. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ मात्र थेट ‘सिक्युअर बूट बंद करा’ सांगून मोकळे होतात. बंद करणे वाईटच असे नाही, पण त्या एका स्विचमागे काय उभे आहे हे त्यांनी सांगायला हवे.

४८ आकड्यांचा प्रश्न

तिथे उभे आहे बिटलॉकर. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपमध्ये, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून ही व्याप्ती आणखी वाढली. मालकाला याचा पत्ताच नसतो. मग कुणी सिक्युअर बूट बंद करतो, लॅपटॉपला संशय येतो आणि तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. की नसेल तर डेटा मिळत नाही. कुठल्याही दुकानात नाही, कितीही पैसे मोजले तरी नाही.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या बिघडलेल्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, भारतात विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, तो दिवस अनेकांना आठवत असेल. मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीसाठी पेनड्राइव्हवरून चालणारे साधन दिले. तरी बिटलॉकरची की हाताशी नव्हती तिथे मोठमोठ्या कंपन्यांचे आयटी विभागही खोळंबले. मग मेहकर किंवा नांदुऱ्यातल्या सेवा केंद्र चालकाचे काय? त्याच्या एका लॅपटॉपमध्ये गावाचे सातबारे, आधारच्या प्रती, पीक विम्याचे अर्ज असतात. ‘फॉरमॅट मारून देतो’ या तीन शब्दांत ते सगळे जाऊ शकते.

म्हणून काम हाती घेण्याआधी ‘बिटलॉकर की आहे का?’ हे विचारणे दुरुस्तीच्या दुकानात सक्तीचे असावे. डॉक्टर इंजेक्शनआधी ॲलर्जी विचारतो, तितके साधे आहे हे. की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खाते उघडून ती पाहता येते. आकडे वहीत लिहून ठेवावेत; लॅपटॉपमध्येच ठेवण्यात अर्थ नाही.

पेनड्राइव्हवरून विंडोजचे इन्स्टॉलेशन सुरू झाले, पण डिस्कच दिसत नाही, असेही होते. ‘हार्ड डिस्क गेली’ हा निकाल इथे सर्वाधिक ऐकू येतो. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर दिल्याशिवाय इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटी ड्रायव्हर उतरवायचा, पेनड्राइव्हवर टाकायचा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबायचे. डिस्क हजर! बायोसच्या सेटिंगमध्येही डिस्कचे नाव येत नसेल, तर मात्र बिघाड खरा मानावा.

तेव्हा दुकानात पाय टाकल्यावर एकच मागणी करावी: बायोसमध्ये डिस्क दिसत नाही हे समोर दाखवा. आणि ती बदलायचीच वेळ आली, तर जुनी डिस्क न विसरता परत घ्यावी. तिच्यातली मार्कशीट आणि आधारची प्रत अजून तिथेच असू शकते.