पाहुणे प्रेक्षक आणि संचाराचा हक्क

फुटबॉलच्या सामन्यासाठी परगावाहून येणाऱ्या प्रेक्षकांना गावात येऊच न देणे, आलेच तर स्थानकापासून मैदानापर्यंत पोलिसांच्या वेढ्यात नेणे आणि सामना संपताच त्याच वेढ्यात परत पाठवणे, ही पद्धत युरोपातील व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत रूढ झाली आहे. आपल्याकडे ती अजून स्वतंत्र कायद्याच्या रूपाने आलेली नाही. परंतु तिची पूर्वचिन्हे दिसू लागली आहेत, आणि ती आणण्यासाठी लागणारी कलमे आपल्या कायद्यांत आधीपासून आहेत. म्हणून ‘खेळाशी आपला काय संबंध?’ असे म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने या प्रश्नाकडे पाठ फिरवणे योग्य होणार नाही. हा प्रश्न खेळाचा कमी आणि संचारस्वातंत्र्याचा अधिक आहे. मुंबईसारख्या शहरात तर तो थेट स्थलांतरित कामगाराचा प्रश्न आहे.

अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल घ्या. मुंबई सिटी या व्यावसायिक संघाने २०१६ पासून आपले घरचे सामने येथे खेळण्यास सुरुवात केली. साकीनाक्याहून मेट्रोने निघाले तर सहाव्या स्थानकावर, आझाद नगरला, उतरून तेथे चालत जाता येते. खैरानी रोड, साकी विहार रोड आणि अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या गाळ्यांत, वर्कशॉपांत आणि शिवणकामाच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, केरळ अशा प्रांतांतून आलेले कामगार राबतात. कोलकात्याचा किंवा कोचीचा संघ अंधेरीत खेळायला येतो, तेव्हा पाहुण्यांच्या बाजूला बसून ओरडणारा प्रेक्षक बहुतेक वेळा विमानाने किंवा रेल्वेने आलेला नसतो. तो याच उपनगरांतून आलेला असतो. त्याचा संघ पाहुणा असतो, तो स्वतः नसतो. दहा-पंधरा वर्षे मुंबईत घाम गाळून त्याने येथे राहण्याचा हक्क मिळवलेला असतो. फक्त नव्वद मिनिटांपुरते त्याचे मन गावाकडे जाते.

उद्या अशा सामन्यात थोडी बाचाबाची झाली आणि ‘पाहुण्या संघाच्या समर्थकांना प्रवेश बंद’ असा हुकूम निघाला, तर त्याची अंमलबजावणी कशी होणार? तिकिटावर निष्ठा छापलेली नसते. मेट्रोच्या दारात उभा असलेला शिपाई अंगातल्या सदऱ्याचा रंग पाहणार, नाव विचारणार, बोलण्यातला हेल ऐकणार आणि आधार कार्डावरचा पत्ता तपासणार. म्हणजे फुटबॉलच्या निमित्ताने भाषेवरून माणसे निवडण्याची सवय यंत्रणेला लागणार. ही भीती काल्पनिक नाही. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालच्या काही कामगारांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलण्यात आले, आणि ते भारतीय नागरिक असल्याचे सिद्ध झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्यानंतर ऑगस्टमध्ये ड्युरँड चषकाच्या सामन्यात ईस्ट बंगालच्या समर्थकांनी, मातृभाषा बोलतो म्हणून माणसाला परदेशी ठरवणाऱ्या या वृत्तीचा निषेध करणारा भलामोठा फलक प्रेक्षागारात उभारला. फुटबॉलच्या प्रेक्षकांना ज्या अन्यायाची अशी जाण आली, त्या प्रेक्षकांना निव्वळ हुल्लडबाज म्हणणे हा अप्रामाणिकपणा आहे.

तथापि दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. प्रेक्षकांमध्ये हिंसा होतच नाही, असे म्हणणे म्हणजे वास्तवाकडे डोळेझाक करणे होय. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दंगल उसळली आणि चेंगराचेंगरीत १६ जण प्राणास मुकले. आपल्या कोल्हापुरात तालमी आणि तरुण मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठापेठांतील अभिमान कित्येकदा दगडफेकीपर्यंत आणि लाठीमारापर्यंत गेलेला आहे. सामना पाहायला गेलेल्या मुलाच्या घरी त्याचे प्रेत येणे यासारखी दुःखद गोष्ट नाही, आणि ते टाळणे हे शासनाचे कर्तव्य आहे. प्रश्न बंदोबस्त असावा की नसावा हा नाही. बंदोबस्त गुन्हा करणाऱ्या व्यक्तीचा करायचा, की एका संघावर प्रेम करणाऱ्या सगळ्या समूहाचा, हा खरा प्रश्न आहे.

समूहावर बंदी घातल्याने काय साधते याचे उत्तर अर्जेंटिनाने दिले आहे. २०१३ मध्ये एका प्रेक्षकाच्या मृत्यूनंतर तेथे लीगच्या सामन्यांना पाहुण्या समर्थकांना मज्जाव करण्यात आला, आणि तो दहा वर्षांहून अधिक काळ टिकला. दरम्यान २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ब्यूनोस आयर्समध्ये रिव्हर प्लेट व बोका ज्युनिअर्स यांच्यात दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना व्हायचा होता. बोकाच्या एकाही समर्थकाला मैदानावर प्रवेश नव्हता. तरीही बोकाच्या खेळाडूंची बस मैदानाकडे येत असताना तिच्यावर हल्ला झाला, खेळाडू जखमी झाले, आणि अखेर तो सामना समुद्रापलीकडे माद्रिदला खेळवावा लागला. पाहुणा दाराबाहेर ठेवला म्हणून घरातले भांडखोर शहाणे होत नाहीत. उलट, संघटित गुंडगिरी करणाऱ्या टोळ्यांना क्लबांच्या चालकांचे आणि राजकारण्यांचे जे अभय असते, त्याकडे पाहण्याची जबाबदारी मात्र टळते.

दुसरा मुद्दा पोलिसांच्या माहितीचा. बंदीचा हुकूम नेहमी ‘गुप्त माहिती’च्या आधारे निघतो आणि ती माहिती कोणाला तपासता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे ॲस्टन व्हिला व मक्काबी तेल अवीव यांच्या सामन्याला मक्काबीच्या समर्थकांना मज्जाव करण्यात आला. त्या समर्थकांविषयी आणि त्यांच्या देशाच्या राजकारणाविषयी कोणाचे काय मत असावे हा निराळा प्रश्न आहे. पण पोलिसांनी सादर केलेल्या अहवालात जो सामना कधी झालाच नव्हता त्याचाही दाखला होता, हे नंतर उघड झाले. ज्यांच्याविषयी आपल्याला सहानुभूती नाही त्यांच्याबाबतीत खोट्या पुराव्याकडे दुर्लक्ष केले, तर तोच पुरावा उद्या आपल्यापुढे ठेवला जाईल.

याहून बोलका इतिहास यॉर्कशायरचा आहे. १९८४ च्या खाण कामगारांच्या संपात केंट परगण्यातून उत्तरेकडे निघालेल्या कामगारांना पोलिसांनी डार्टफर्डच्या बोगद्याशी अडवले आणि पुढे गेल्यास अटक करू, असे बजावले. त्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. ते करतील असा केवळ तर्क होता. त्याच वर्षी १८ जूनला ऑरग्रीव्ह येथे साउथ यॉर्कशायर पोलिसांनी संपकऱ्यांवर घोडेस्वार घातले आणि ९५ कामगारांवर खटले भरले. पोलिसांची साक्ष टिकली नाही आणि खटले १९८५ मध्ये कोसळले. पण खोट्या साक्षीचा जाब कोणी विचारला नाही. पाच वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ रोजी, याच पोलीस दलाच्या हद्दीत शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलहून आलेले प्रेक्षक लोखंडी कुंपणात कोंडले जाऊन चिरडले गेले. मृतांची संख्या अखेर ९७ झाली. दोष दारुड्या प्रेक्षकांचा आहे, असे सांगण्यात आले. २०१२ च्या स्वतंत्र चौकशीत आढळले की पोलिसांच्या १६४ निवेदनांत फेरफार करण्यात आला होता आणि त्यांपैकी ११६ मधून पोलिसांना अडचणीचा ठरणारा मजकूर गाळला होता. हे मृत्यू बेकायदा हत्या होत्या, असा निर्णय व्हायला २०१६ साल उजाडले. संपकऱ्याविरुद्ध वापरलेली रीत प्रेक्षकाविरुद्ध वापरली गेली. कामगार चळवळीने यातून घ्यायचा धडा उघड आहे: हत्यार एकच असते, फक्त समोरचा माणूस बदलतो.

आपल्या देशातही या हत्याराची चुणूक दिसली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. साऱ्या शहरात संताप होता. १८ ऑगस्टला मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचा सामना ठरला होता. पुरेसा बंदोबस्त देता येत नाही या कारणाने तो रद्द झाला. प्रेक्षागारात न्यायाच्या घोषणा होतील ही धास्ती त्यामागे होती, असे लोकांनी मानले, आणि तसे मानण्यास जागा होती. कारण सामन्यासाठी नसलेले पोलीस समर्थक निषेधासाठी जमल्याबरोबर मोठ्या संख्येने हजर झाले. जमावबंदी लागू झाली, लाठ्या चालल्या. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन्ही संघांचे आणि मोहम्मेडन स्पोर्टिंगचे समर्थक त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये याच दोन संघांचा सामना, गंगासागर यात्रेमुळे पोलीस उपलब्ध नाहीत म्हणून, सुमारे हजार किलोमीटर दूर गुवाहाटीला नेण्यात आला. ज्याच्याकडे रजा आणि पैसा होता तो गेला. रोजंदारीवरचा प्रेक्षक घरी राहिला. बंदीचा हुकूम न काढताही गरिबाला वगळता येते, ते असे.

कायद्याची स्थिती काय आहे? राज्यघटनेचे कलम १९ प्रत्येक नागरिकाला देशभर मुक्त संचाराचा आणि निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देते. त्यावर निर्बंध घालता येतात, पण ते वाजवी असले पाहिजेत. पूर्वीचे कलम १४४, जे जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ झाले, त्याचा इतिहास आपल्या चळवळीला परका नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलमधील कामगार संघटनांच्या वादात निघालेल्या अशाच हुकुमावरून बाबूलाल पराते यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये हे कलम वैध ठरले. १९७० मध्ये मधू लिमये यांनी त्याला पुन्हा आव्हान दिले. सात न्यायाधीशांच्या पीठाने कलम कायम ठेवले. परंतु ते निकडीच्या प्रसंगासाठी आहे, हेही स्पष्ट केले. काश्मीरच्या संदर्भात अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर जानेवारी २०२० मध्ये न्यायालय आणखी पुढे गेले: असे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यांत कारणे दिली पाहिजेत, आणि ते पुनःपुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. तडीपारीबाबतही, जालन्याच्या एका प्रकरणात, २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की हा असाधारण उपाय आहे आणि तो क्वचितच वापरावा. एका माणसाला त्याच्या जिल्ह्यातून हद्दपार करण्यासाठी जर नोटीस, सुनावणी आणि पुरावा लागतो, तर हजारो प्रेक्षकांना एका सहीनिशी शहराबाहेर ठेवणे वाजवी कसे ठरेल?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर सरसकट बंदी लोकप्रिय का होते हे लगेच कळते. ती आयोजकाला आणि पोलिसांना स्वस्त पडते. बाहेर जाण्याचे मार्ग रुंद करणे, दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना वेगळ्या वाटा देणे, स्वयंसेवक शिकवून तयार करणे, रात्री परतीची वाहने ठेवणे, या सर्वांना पैसा लागतो. बंदीला कागद लागतो. तिची किंमत मात्र प्रेक्षक देतो: वाया गेलेले तिकीट, रेल्वेचे भाडे, बुडालेला रोज. ही किंमत कोणत्याच ताळेबंदात येत नाही. आयोजक गरीब आहेत म्हणावे, तर २०१९ मध्ये मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग अबू धाबीच्या भांडवलावर चालणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने घेतले होते. आणि सरकारची तऱ्हा अशी की २०२३ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे शुल्क घटवण्यात आले, तेही २०११ पासून मागे जाऊन. त्याबद्दल उच्च न्यायालयाला सरकारकडे खुलासा मागावा लागला. श्रीमंत खेळाच्या धनिकांना सवलत आणि साध्या प्रेक्षकाला सक्ती, हा न्याय नव्हे. सुरक्षेचा एवढाच कळवळा असेल, तर डिसेंबर २०१७ मध्ये खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानाला आग लागून १२ कामगार जळून मेले, तेव्हा तो कोठे होता, असेही विचारावे लागेल.

तेव्हा मागण्या नेमक्या हव्यात. समूहावर प्रवेशबंदी नसावी. ज्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला त्याच व्यक्तीवर, ठरावीक मुदतीपुरती, अपिलाची सोय असलेली बंदी असावी. कोणताही निर्बंध सामन्याच्या पुरेसा आधी, कारणांसह, मराठीत व प्रेक्षकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा, म्हणजे न्यायालयात जाण्यास वेळ राहील. बंदोबस्ताच्या बैठकीला दोन्ही संघांच्या समर्थकांचे प्रतिनिधी बोलवावेत. मेट्रोत किंवा रस्त्यावर भाषेवरून वा सदऱ्यावरून कागद तपासू नयेत. बंदोबस्ताचा पुरा खर्च नफा कमावणाऱ्या आयोजकाने द्यावा आणि सामना रद्द झाल्यास तिकिटाबरोबर प्रवासखर्चही परत करावा.

उपनगरांतील आपल्या शाखांना यात प्रत्यक्ष काम आहे. साकीनाका, मरोळ, असल्फा येथील कामगार वस्त्यांत ज्या तरुणांपर्यंत युनियनचे पत्रक पोचत नाही, ते आपापल्या संघाच्या समर्थक मंडळात आपणहून येतात, वर्गणी काढतात, फलक रंगवतात आणि परप्रांतात एकमेकांना धरून राहतात. ही संघटना आहे. तिला राजकीय जाणीव नाही असे समजण्याचे कारण नाही. पोलीस ठाण्यात अडकवलेल्या अशा एखाद्या तरुणाला सोडवायला आपला कार्यकर्ता जाईल, तर तो तरुण किमान वेतनाच्या मोर्चालाही येईल. आणि जो आज त्याच्या संचाराच्या हक्कासाठी उभा राहणार नाही, त्याला उद्या मोर्चाच्या गाड्या वाशीच्या किंवा मुलुंडच्या नाक्यावर अडवल्या गेल्या, तर तक्रार करण्याचा नैतिक अधिकार उरणार नाही.